येथे सर्व प्रकारचे फॅब्रिकेशन करून मिळेल

मुंबई-गोवा हायवेला कुडाळच्या मागेपुढे कुठल्याही नाक्यावर उतरा, ही पाटी हमखास दिसते. वर ग्रामदैवताचं नाव, मध्ये ‘फॅब्रिकेशन वर्क्स’, खाली बारीक अक्षरांत गेट, ग्रील, पत्र्याची शेड. आमच्याकडे या शब्दाला कसलाही संशयाचा वास नाही. ‘मिरगाआधी फॅब्रिकेशनवाल्याक बोलव’ असं आजी नातवाला बिनदिक्कत सांगते.

इंग्रजी पेपरात मात्र तोच शब्द आला की मामला बहुधा पोलिसांपर्यंत गेलेला असतो. कोणी बिलं फॅब्रिकेट केली, कोणी पुरावा. मूळ पाहिलं तर शब्द घरंदाज. लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे लोहार-सुतारासारखा कारागीर आणि ‘फाब्रिका’ ही त्याची काम करायची जागा. इंग्रजीत तो आधी सरळ ‘घडवणे’ म्हणूनच आला. खोटं रचण्याचा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला. याच फाब्रिकापासून फ्रेंचमार्गे निघालेला ‘फोर्ज’ही तसाच वाया गेला. एकीकडे लोहाराची भट्टी, दुसरीकडे खोटी सही. भावकीच तशी!

मला यात लोहाराची बदनामी दिसत नाही, उलट खोट्याच्या मेहनतीची कबुली दिसते. थाप मारायला जीभ पुरते. फॅब्रिकेट करायचं तर काहीतरी उभं करावं लागतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेने हा फरक नीट पाळला होता. खोटी साक्ष कलम 191 मध्ये, खोटा पुरावा तयार करणं 192 मध्ये. 192 मधलं उदाहरणही झकास आहे: एकाने दुसऱ्याच्या पेटीत दागिने नेऊन ठेवले, ते तिथे सापडावेत आणि तो चोर ठरावा म्हणून. तोंडातून एक शब्द न काढता गुन्हा पुरा. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही दोन कलमं शेजारीच आहेत, 227 आणि 228.

नाक्यावरचा आमचा कारागीर गेट करताना आधी नुसते टाके मारतो. मग गुण्या लावून कोपरे तपासतो, चौकट तिरकी वाटली तर हातोडीने ठोकून सरळ करतो, आणि मगच पक्कं वेल्डिंग. वरची काळी खपली उडवायची, ग्राइंडरने सांधा घासायचा, रेड ऑक्साइड फासायचा. बोट फिरवलं तरी जोड कळू नये. पण खारा वारा त्याच्याहून चिकट. दोन पावसाळे गेले की पहिला गंज धरतो तो नेमका जोडावर.

रचलेल्या पुराव्याचंही तेच. जमिनीच्या भांडणात एखादा रातोरात गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, दोन हात पुढे सरकवतो आणि ‘पूर्वापार हयच होतो’ म्हणून छातीठोक सांगतो. साक्षीदारही पढवून तयार. पण जुना चिरा पावसापाण्याने काळा पडलेला, शेवाळ धरलेला. त्याच्या शेजारी हा नवा लालबुंद चिरा. तलाठ्याची गरजच काय?

गजालीला, म्हणजे आमच्याकडच्या रंगवून सांगितलेल्या गप्पांना, मात्र मी या खात्यात टाकणार नाही. संध्याकाळी पारावर कोणीतरी बागेत वाघ बघितल्याचं सांगतो. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणजे निम्मी भर तिथेच पडलेली. पुढची शेपटीच्या लांबीत पडते. ऐकणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, आणि शेपटी लांबल्याने कोणाची जमीन जात नाही. जोड लपवायची इथे कोणाला पडलेली नसते. उलट मध्येच एखादा म्हातारा तंबाखू मळत विचारतो, ‘काल चार हात होती मां रे?’

‘काल ती गुंडाळलेली होती,’ सांगणारा म्हणतो आणि पुढे चालू.