सुकाणूचं पातं आणि सोलापूरचं ऊन

उजनीच्या फुगवट्यात शिडाची होडी चालवायची तर सुकाणूचं पातं वर उचललं जाणारंच हवं, हे माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. जी अजून पाण्याखालीच आहेत त्या भिंतींचा आणि बांधांचा विचार करा! म्हणून मरीन प्लायचे दोन गाल आणि त्यांच्यामधे एका बोल्टवर फिरणारं सागवानी पातं, असं सुकाणू केलं. पातं कशावर आदळलं तर मागे उचललं जातं, होडीच्या मागच्या फळीला हिसका बसत नाही.

रुंद अखंड फळी मात्र घेऊ नका. सागवान झालं तरी ओलीने बाक धरतं. वखारीत जुन्या वाड्याची तुळई मिळाली, चांगली मुरलेली. मिस्त्रींना तिच्या 40 मिमीच्या पट्ट्या पाडायला सांगितल्या तर ते हळहळले. "एवढ्या भारी लाकडाचे तुकडे कशाला करायलाव ओ सर?" एकाआड एक पट्टी उलटी करून चिकटवली की एकीचा बाक दुसरी अडवते, हे दाखवल्यावर त्यांनीच पुढचा क्रम लावून दिला. सागवान तेलकट असतं; ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून केलेला पक्का गोंद, लावायचं.

मग रंधा. आमच्याकडच्या हातमागाच्या धोट्याची दोन्ही टोकं सारखीच निमुळती असतात, पात्याचं तसं नाही. पुढची कड गोलसर, सर्वांत जास्त जाडी पुढून साधारण 30 टक्क्यांवर आणि तिथून मागे उतरत जायचं. माझं पातं 200 मिमी रुंद, म्हणजे पुढच्या कडेपासून 60 मिमीवर पूर्ण 20 मिमी जाडी, मागची कड 2 मिमी. पुठ्ठ्याचा साचा दोन्ही बाजूंना लावून बघत राहायचं. गालांच्या आत बसणारा भाग सपाटच ठेवायचा.

खरी कसोटी इपॉक्सीची, तीही मे महिन्यात. पारा चाळिशीपार असताना खोल कपात कालवलेलं इपॉक्सी बघता बघता तापतं आणि गोठतं. पसरट ताटलीत थोडं थोडंच कालवावं. त्याहून महत्त्वाची वेळ. सकाळी पात्यावर इपॉक्सीचा हात दिला तर दिवसभर लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि ओल्या थराला बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड निवत असताना हात द्या. तीच हवा आकसते आणि इपॉक्सी रंध्रांत ओढून घेते. म्हणून मी सगळे हात दिवे लागल्यावरच दिले. सुकलेल्या थरावर मेणचट साय आली तर आधी पाण्याने धुवावी, मग पॉलिश पेपर मारावा. उन्हात इपॉक्सी पिवळं पडून खराब होतं, त्यामुळे वरून अतिनील किरण अडवणारं व्हार्निश हवंच.

चकाकी सगळ्यांना दिसते, पण लाकूड कुजायला सुरुवात होते बोल्टच्या भोकापासून. भोक आधी मोठं पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने बुजवा, पक्कं झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही, पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. या कामाला अर्धा दिवस जातो आणि तो द्यावाच.

सुकाणू वळवायचा दांडा बाभळीचा केला. आपल्याकडे बैलगाड्यांना, औतांना तीच वापरत आलेत. सागवान पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पातं खाली धरून ठेवायला एक दोरी लागते. ती पक्क्या गाठीने बांधू नका. दांड्यावरच्या खाचेत अडकवा, म्हणजे धक्का बसला की आपोआप सुटेल.