तुम्ही विचारलंत म्हणून: मारत का नाही?

खिडकीच्या चौकटीकडे बोट दाखवून सगळे तेच विचारतात. "तो कोळी मारत का नाहीस?" आणि लगेच, "मग काय, पाळलायस?"

पाळला नव्हता. तो काही माझ्या जिवावर जगत नव्हता. जेमतेम सेंटीमीटरभराचा, उड्या मारणारा कोळी. शिकारीसाठी जाळं विणत नाही, दबा धरतो. उडी मारण्याआधी मागे धागा चिकटवून घेतो, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळून परत चढता येतं. रात्री चौकटीच्या फटीत रेशमाची पिशवी करून आत झोपायचा.

"तुला ओळखतो का?" हेही विचारून झालंय. बाजूच्या डोळ्यांना हालचाल दिसली की तो अख्खा वळतो आणि पुढचे दोन मोठे डोळे रोखतो. त्यांची भिंगं हलत नाहीत, आतला पडदा तेवढा सरकतो. तो बघतो, एवढंच माझं म्हणणं. माझ्याकडे बघतो असं मी कधीच म्हटलेलं नाही. बरं, एकदोनदा म्हटलं असेल.

आता ते दुसरं, ज्याबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारता. छताच्या कोपऱ्यात लांब, काडीसारख्या पायांची एक मादी असते. जळमटं म्हणून आपण झाडतो ती बहुतेक हिच्याच जातीची. धक्का लागला की जाळ्यात अशी गरगर हलते की नुसता धूसर ठिपका दिसतो. ती दुसरे कोळीही खाते. एका संध्याकाळी माझा (हो, 'माझा'च म्हणतोय) माशीमागे तिकडे चढला आणि एक पाय धाग्यात अडकला. ती जवळ आलीच नाही. लांबूनच मागच्या पायांनी त्याच्यावर धागे फेकत राहिली. त्याने दोनदा हिसका दिला. माझ्या हातात पेन्सिल होती, स्टुलावर उभा होतो, एक धागा तोडला की काम झालं असतं. नाही तोडला. तिने गुंडाळला, मग चावा घेतला. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. तो दाब गेला आणि आठही पाय पोटाशी मिटले.

"बघणाऱ्याने मध्ये पडू नये" असं मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. ते सांगणाऱ्याने हातात पेन्सिल घेऊन कधी काही बघितलं नव्हतं. पण धागा तोडला असता तर ती उपाशी राहिली असती, हेही खरंच. तिचं पोट माझ्या हिशेबात का धरायचं नाही? यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, "शी!" हे उत्तर नव्हे.

सध्या तिने अंड्यांचा घोस जबड्यात धरलाय. तिलाही मारणार नाही. पिल्लं निघाली की छतभर जळमटं होतील, हा तुमचा मुद्दा मान्य. झाडू कोणी मारायचा, यावर तेव्हा भांडू.