जबडा क्रमांक 9 चं निदान मागे घेतो

मिळालेल्या मुंड्यांचे जबडे साफ करून मी त्यांत दात-हिरड्यांचे रोग शोधतो आणि क्रमांक देऊन नोंदी ठेवतो. मागच्या नोंदीत जबडा क्रमांक 9 पुढे मी छातीठोकपणे 'हिरड्यांचा रोग' असं लिहिलं होतं. ते खोडतोय.

झालं असं. खाटकाकडच्या मुंडीतला खालचा जबडा, मांस सुटून हाड मोकळं व्हावं म्हणून, गच्चीवर बादलीत पाण्यात मुरत होता. थंडीत हे काम रेंगाळतं, तीन आठवडे गेले. (खालच्या काकू एकदा वर येऊन "अहो, परत काय मेलंय?" विचारून गेल्या.) जबडा काढला तेव्हा एक दाढ चिमटीत डुगडुगत होती आणि तिच्याखाली हाडाला फुगवटा. मी लगेच रोग ठरवला. परवा टूथब्रशने नीट घासलं, तर त्या दाढेच्या खालून दुसरीचं टोक दिसलं. हलत होती ती दुधाची दाढ, आणि फुगवटा वर येणाऱ्या दाढेचा!

खूण साधी होती. खालच्या जबड्यातली शेवटची दुधाची दाढ तीन पाकळ्यांची असते. तिच्या जागी येणारी कायमची दाढ लहान आणि साधी. अगदी मागची कायमची दाढही तीन पाकळ्यांची, त्यामुळे माझ्यासारख्याचा घोटाळा होतो. ही बदली दोन वर्षांच्या आसपास होते. पुढचे दात मोजले असते तरी कळलं असतं: कायमचे चार, म्हणजे चौसा. खाटीक मेंढीच म्हणाला, पण शेळी की मेंढी हे नुसत्या जबड्यावरून सांगायला मी अजून धजावत नाही.

आता क्रमांक 12. हा खरा रोगी. जेजुरीकडच्या एका धनगर मामांची म्हातारी मेंढी. दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायच्या आधी त्यांनी ती कापली. "तोंडाचं बोळकं झालंय, चरती पण पोट भरत न्हाय. एवढी चाल हिला झेपायची न्हाय." मुंडी मला मिळाली. (आपोआप मेलेल्या जनावराचं मुंडकं मी घेत नाही, काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, भीती असते. तुम्हीही घेऊ नका.)

मेंढीला वर पुढचे दात नसतातच, नुसती कडक गादी, खाली आठ. हिचे तीन गेलेले. दोन खळगे नव्या हाडाने अर्धे भरलेत, म्हणजे ते दात ती जिवंत असतानाच पडले. तिसऱ्याचा खळगा धारदार कडांचा आणि मोकळा. तो बहुधा माझ्याच बादलीत निसटला. गाळ चाळायचा राहिलाय. मागे दोन दाढांच्या फटीत गवताच्या काड्या घट्ट बसलेल्या, आणि तेवढ्याच जागी हाड खोल खचलेलं, वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखं. चारा अडकतो, हिरडी सुटते, हिरडी आणि दातामध्ये खिसा पडतो, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात. हा सगळा क्रम एका फटीत दिसला. बाकीच्या दाढांवर कीटणाची काळपट सोनेरी चकाकी आहे. ती घासून काढणार नाही, फार देखणी दिसते.

कॅलिपरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) दाढांची उघडी मुळं मोजणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. मेंढीची दाढ झिजते तशी वर सरकत राहते. म्हाताऱ्या जनावराच्या दाढांची मुळं थोडी उघडी दिसली म्हणून लगेच रोग धरू नका. शेजारच्या दाढांशी ताडून पाहा: सगळीकडे सारखं असेल तर वय, एकाच ठिकाणी खड्डा असेल तर रोग. माझ्या पहिल्या सहा नोंदी या नियमाने पुन्हा तपासायच्या आहेत. क्रमांक 3 बाद, तो उकळला तेव्हाच दातांना तडे गेले होते.

गाईबैलांचं अजून हाताला काही नाही. चाकणच्या बाजारात एका बैलाच्या जबड्यावर दगडासारखी गाठ पाहिली, हाडाला चिकटलेली, बोटाने जरा हलेना. अ‍ॅक्टिनोमायसिस बोव्हिस हा जंतू तोंडातच असतो आणि काटेरी चाऱ्याने जखम झाली की हाडात शिरतो. तशीच ती गाठ वाटली. पण क्रमांक 9 नंतर मी नुसतं 'वाटली' एवढंच लिहितो. मालकाला डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर तो म्हणाला, "लागलंय त्याला, खाताना काही अडत नाय."

क्रमांक 13 आजच पाण्यात घातला. या वेळी गाळणी आधी आणलीय.