लिफाफा पोचला, पत्र इथंच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. रोज रात्री एक जुनी बॅच फाइल (ओळीनं आपोआप चालणाऱ्या कमांड) डिझाइनच्या फायली एफटीपीनं, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीनं, मुंबईच्या खरेदीदाराकडे पाठवते. ती कुणी लिहिली, कुणालाच आठवत नाही.

इंटरनेटची लाइन बदलली, नवा राउटर आला आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन, "अहो, फायली उघडतच नाहीत." नावं सगळी बरोबर, साइझ शून्य. आमचा डिझाइनर हसला, "लिफाफा पोचला बे, पत्र इथंच राहिलं."

अँटिव्हायरस बंद केला, फायरवॉल बंद केली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही तेच, म्हणून दोष मुंबईचाच असं ठरवून मोकळा झालो. तुमची डिस्क भरली असेल, असंही बोललो. (तसं असतं तर त्यांच्या सर्व्हरकडून उत्तरात 452 किंवा 552 असा आकडा आला असता.)

शेवटी कमांड हातानं टाइप केल्या. 230, लॉगिन झालं. फाइल पाठवली: 200, 150, म्हणजे इथवर ठीक, मग बराच वेळ शांतता, आणि 425. डेटा कनेक्शन उघडत नाही. म्हणजे डिझाइनरचं बरोबरच होतं! पोर्ट म्हणजे जोडणीचं दार; पोर्ट 21 वर नुसतं बोलणं चालतं, फाइल दुसऱ्या जोडणीतून जाते. अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये ती जोडणी सर्व्हर आपल्याकडे करतो, आणि आम्ही त्याला पत्ता देत होतो 192.168 वाला, कारखान्याच्या आतला. मुंबईहून तो सापडणार कसा? जुना राउटर तो वाटेत गुपचूप बदलून द्यायचा. हॉटस्पॉटवरही आतलाच पत्ता जात होता.

विंडोजच्या एफटीपी कमांडला पॅसिव्ह मोड, म्हणजे ती जोडणी आपणच सर्व्हरकडे करणं, येत नाही, म्हणून विनएससीपी हे सॉफ्टवेअर घेतलं. तेही अडकलं. लॉगमध्ये सर्व्हरनं दिलेल्या सहा आकड्यांतले शेवटचे दोन, पोर्ट सांगणारे, होते 195 आणि 80. 195 गुणिले 256, अधिक 80: पोर्ट 50000. मुंबईच्या सिस्टिमवाल्याला हा नंबर सांगितला तसा तो गप्पच झाला. त्यांच्याकडे पॅसिव्हनं आजवर कुणी आलंच नव्हतं, ते पोर्ट बंद होते. त्यानं रेंज उघडली आणि फायली भरल्या पोटी पोचल्या.

आता फाइल आधी तात्पुरत्या नावानं जाते, साइझ जुळली की खरं नाव मिळतं. पासवर्ड मात्र अजून उघडाच जातो. एफटीपीएस, म्हणजे कुलूपबंद एफटीपी, घेऊ म्हटलं, तर मालक म्हणाले, "गड्ड्याची जत्रा झाल्यावर बघू."