विंच चालू, कॅमेरा बंद

आरशाचा डॅशकॅम, म्हणजे गाडीतल्या आरशावर बसणारा, रेकॉर्डिंग करणारा पडदा-कॅमेरा, बसवायला येणारं गिऱ्हाईक सहसा एकच विचारतं, ‘वायर दिसणार नाही ना?’ करंट कुठून घेणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. ट्रिमच्या आत वायर दडपली, पडदा पेटला, मागचं दिसायला लागलं की काम झालं. साध्या गाडीत हे खपून जातं. पण जिच्या बंपरात विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर, आहे आणि जी दर पावसाळ्यात नाल्यात उतरते, तिच्यात खपत नाही.

इंदूरला छोटी ग्वालटोलीत, सरवटे बसस्टँडपासून जवळच आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. एका सोमवारी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक महिंद्रा थार आणि तिच्यामागोमाग एक फोर्स गुरखा, अशा दोन जीपगाड्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. गुरखाचा डावा हेडलाईट फुटलेला, ग्रिल आत गेलेलं. मला वाटलं, हेडलाईटच्या वायरिंगचं काम असेल. थारवाले उतरले, ते रामबागेतले, जुनं गिऱ्हाईक. नमस्कार नाही, काही नाही, सरळ म्हणाले, ‘दादा, तुम्हीच याला सांगा, मी काहीही डिलीट केलेलं नाही.’

मागून गुरखावाला. ‘भिया, इनका कैमरा बाकी सब दिखाता है, बस वही सात मिनट नहीं दिखाता।’

प्रकरण असं होतं. रविवारी ही मंडळी चोरलच्या बाजूला गेली होती. पाऊस सुरू झाला की चोरल, जानापाव, पातालपाणी या पट्ट्यात इंदूरच्या फोर बाय फोर गाड्यांची जत्राच असते. एका नाल्यात थारची पुढची दोन्ही चाकं काळ्या मातीत बसली. माळव्याची काळी माती ओली झाली की टायरची नक्षी भरून टाकते, मग टायर कितीही महागाचा असो, तो नुसता गुळगुळीत फिरतो. गुरखा पलीकडच्या काठावर कडक जमिनीवर उभी केली, थारच्या विंचचा दोर तिच्या पुढच्या हुकाला लावला आणि ओढायला सुरुवात झाली. थारवाले आत बसून एका हातात विंचचा रिमोट, पाय ॲक्सिलरेटरवर. चाकाला दगड लागला, गाडी एकदम उसळून काठावर आली आणि गुरखाच्या तोंडावर आदळली. गुरखावाल्याचं म्हणणं, मी हात वर करून थांब म्हणत होतो. थारवाल्यांचं म्हणणं, त्याने ये ये असा हात केला. थारमधल्या डॅशकॅमचं तोंड नेमकं गुरखावाल्याकडेच होतं, म्हणजे भांडण मिटायला हवं होतं. उलट ते तिथूनच पेटलं.

मी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मागितलं. ॲडॉप्टरचा बारका खटका लॉकवर सरकवला, म्हणजे लॅपटॉपकडून त्यावर काही लिहिलं जायला नको, आणि दोघांसमोर उघडलं. एकेक मिनिटाच्या फाईली. ४ वाजून ४१ मिनिटांची फाईल मात्र २२ सेकंदांत संपलेली. त्यात गुरखा समोर उभी, दोर ताणलेला, वायपर एकदा फिरतो आणि चित्र खलास. पुढची फाईल ४:४८ची, त्यात दोघं पावसात हातवारे करत भांडताहेत. या कॅमेऱ्यात फाईलच्या नावात तारीख-वेळेबरोबर क्रमांकही पडतो. ४:४१ आणि ४:४८ या दोन फाईलींचे क्रमांक लागोपाठ होते. मधलं काही पुसलं असतं तर मधले आकडे गळाले असते. शिवाय पुसणारा माणूस अख्खी फाईल पुसतो, अर्धी ठेवत नाही. मिनिटाची फाईल २२ सेकंदांत तुटते ती करंट गेला म्हणून.

गुरखावाला हुशार होता. म्हणाला, नंबर बदलता येत नाहीत का? येतात, नाही कशाला म्हणू. तो पोलिसात जायची भाषा करत होता, म्हणून मी त्याला हेही सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली, अशा फाईलीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये काही बदललं की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. छोटी ग्वालटोलीतला इलेक्ट्रिशियन ‘खरं आहे हो’ म्हणाला एवढ्यावर कोर्ट चालत नाही. पण करंट का गेला, ते मी दाखवू शकत होतो.

ग्लोव्हबॉक्स काढला. आत दोन वायरींचा स्वस्तातला हार्डवायर किट, तो बारा व्होल्टचे पाच करणारा काळा डबा, डबल टेपने लटकवलेला. त्यावर कटऑफचा खटका असतो: बॅटरी अमुक व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद, म्हणजे पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करता करता बॅटरी बसायला नको. खटका सगळ्यात वरच्या, १२.४च्या घरात होता. थारवाल्यांना विचारलं तर म्हणाले, बसवल्यावर दोनदा गाडी सकाळी स्टार्ट झाली नाही, तेव्हा त्यांनीच तो वर केला. ‘त्यांनी’ म्हणजे बसवणाऱ्या दुकानाने. त्या दुकानाचं नाव मला ठाऊक आहे, इथे घेत नाही.

डब्यातून निघालेली लाल वायर फायरवॉलच्या, म्हणजे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्याच्या, रबरातून बॉनेटमध्ये गेली. मला वाटलं बॅटरीवर जाईल. बॅटरीजवळून ती तशीच पुढे निघाली. माझ्याकडचा पोरगा टॉर्च धरून बंपरखाली आडवा झाला आणि तिथूनच ओरडला, ‘विंचवर बांधलीय!’ खाली वाकून पाहिलं. विंचच्या कंट्रोल बॉक्सचा तांब्याचा जाड स्टड, म्हणजे केबल जोडायचा बोल्ट, त्यावर करंगळीएवढ्या केबलचं थिम्बल, म्हणजे टोकाचं कडं, आणि त्या थिम्बलखाली नटाने दाबलेली ही शेवईसारखी बारीक वायर. टोकाला ना लग, ना सोल्डर. तारा उघड्या, हिरव्या पडलेल्या.

का केलं असेल ते कळतं. तो स्टड कायम जिवंत असतो, नट मोठा, पाना सहज लागतो. फ्यूजबॉक्स उघडा, मोकळं घर शोधा, मल्टिमीटर लावून बघा, ही कटकट नाही. बरं, फ्यूज होता. पण तो किटच्या डब्याजवळ, केबिनमध्ये. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, कॅमेऱ्याला नव्हे, आणि म्हणून तो करंट जिथून घेतला तिथेच हवा. इथे बंपरपासून फायरवॉलपर्यंतची वायर उघडी पडली होती. ती कुठे घासून बॉडीला टेकली असती तर बॅटरी शेकडो अँपिअर तिच्यातून सोडायला तयार, आणि मध्ये अडवायला कोणी नाही. गाडी नाल्यात अडकण्यापेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं, आणि तसं मी त्यांना तोंडावर बोललो.

आता विंचचं गणित. ९,५०० पौंडांची विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास करंट खाते. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून करंट बनवणारा) तेवढा देऊच शकत नाही, बाकीचा सगळा बॅटरीतून जातो, आणि बॅटरीचं व्होल्टेज झोपतं. त्यात बॅटरीपासून विंचपर्यंतच्या केबलमध्ये आणि थिम्बलांत आणखी थोडं पडतं. म्हणजे विंच चालू असताना त्या स्टडवर गाडीतलं सगळ्यात पडकं व्होल्टेज असतं. बिचाऱ्या किटला विंच दिसत नाही, नाला दिसत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. आकडा खाली गेला, त्याने कॅमेरा बंद केला. त्याच्या परीने तो बॅटरी वाचवत होता.

हे ऐकून गुरखावाला म्हणाला, ‘बातें ठीक हैं भिया, करके दिखाओ।’ वाजवी मागणी.

ग्वालटोलीच्या गर्दीत विंच ओढणं शक्य नाही, म्हणून खंडवा रोडकडे एका ओळखीच्या प्लॉटवर गेलो. दोर अडकवायला अँकर म्हणून गुरखा लावू, असं थारवाल्यांनी सुचवलं. गुरखावाल्याने असे डोळे केले की तो विषय तिथेच संपला. त्याचा जीव आहे त्या गाडीवर. आपल्याच पिथमपूरला बनते, हे तो दर दहा मिनिटांनी कोणाला तरी सांगतो. एक जुना कडुनिंब होता, त्याला रुंद पट्टा गुंडाळून शॅकल, म्हणजे जाड लोखंडी कडी, लावली, दोरावर जाड चादर टाकली, दोर तुटला तर फटका हवेत जायला नको म्हणून. पोरगा थारमध्ये ब्रेक दाबून बसला. माझ्याकडे दोन मल्टिमीटर: एक बॅटरीच्या टर्मिनलवर, एक विंचच्या स्टडवर. दोन्ही लांब वायरींनी बाजूला आणून बॉनेटच्या कडेला ठेवले, म्हणजे दोराच्या रेषेत कोणी उभं राहायला नको.

इंजिन चालू, दोन्हीवर १४.२. विंच ताणली, इंजिनाचा आवाज बसला. बॅटरीवर १२.१. स्टडवर ११.३. काही सेकंद कॅमेरा तग धरून होता. मग आतून पोराचा आवाज आला, ‘गेला!’ पडदा काळा, मागे फक्त साधा आरसा उरला. विंच थांबवली, व्होल्टेज चढलं, तरी डबा लगेच उठला नाही. मग इंजिनच बंद करून पाहिलं. बॅटरी १२.३ वर थांबली, म्हणजे खटक्याच्या खालीच. रविवारी नेमकं हेच झालं होतं: आदळल्यावर थारवाल्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, भांडले, आणि मध्येच परत चावी फिरवली तेव्हाच कॅमेरा जागा झाला. सात मिनिटं कुठे गेली त्याचा हिशेब लागला.

‘अरे, ये तो खुद ही सो गया!’ गुरखावाला म्हणाला. थारवाले काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि लगेच पुढचं वाक्य, ‘पर हाथ तो मैंने रोकने का ही दिया था।’

ते भांडण माझ्या मल्टिमीटरच्या बाहेरचं. मूठ वळली की थांब, एवढं निघण्याआधी ठरवायला हवं होतं, असं माझं मत. कोणी विचारलं नाही.

दुकानात परत येऊन सगळं उपसलं. तीन वायरींचा किट लावला. पिवळी कायम करंटच्या फ्यूजवर, लाल चावीने चालू होणाऱ्या फ्यूजवर, दोन्हीकडे फ्यूज टॅप (फ्यूजच्या घरातून फ्यूजसकट वेगळी वायर काढणारा जोड), आणि एअरबॅग, एबीएस, ईसीयूच्या घरांना हात नाही. काळी बॉडीच्या बोल्टला, खालचा रंग खरवडून. लाल वायरीला करंट आहे तोवर गाडी चालू आहे हे या किटला समजतं आणि कटऑफ तो फक्त पार्किंगपुरता वापरतो. चावी चालू असताना विंचने व्होल्टेज दहावर आणलं तरी डबा पाच देत राहतो. कटऑफ १२.०वर ठेवला.

आरसाही उतरवला. कंपनीच्या आरशावर रबरी पट्ट्यांनी बांधलेला हा लांबलचक पडदा खडबडीत रस्त्यावर मान टाकतो, आणि डिझेलच्या थरथरीने रेकॉर्डिंगमधली नंबरप्लेट वाचता येत नाही. त्याला वेगळा ब्रॅकेट दिला.

मागच्या कॅमेऱ्याची वायर दाराच्या बिजागरीकडून न नेता कुलपाच्या बाजूने नेली होती. दार लावलं की दर वेळी चेंगरायची; एका जागी आवरण फाटून जाळी दिसत होती. ती बदलली, बिजागरीकडून थोडी ढील ठेवून रबरी बुटातून नेली. कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ असतो, पण त्याच्या वायरीचा जोड नसतो, आणि पाणी नेहमी तिथेच शिरतं. म्हणून जोड आत, उंचावर घेतला, तापवली की आवळणारी श्रिंक नळी चढवली, वर रबरी टेप. कॅमेरा स्टेपनीच्या वर, बाहेर. थारमध्ये साध्या आरशातून तशीही स्टेपनीच दिसते, त्यामुळे या गाडीत पडद्याचा खरा उपयोग मागे बघायलाच.

शेवटी जी सेन्सर. तो धक्का बसला की फाईल लॉक करतो, लॉक फाईलीवर दुसरं रेकॉर्डिंग चढत नाही. डांबरी रस्त्यावर ठीक. जानापावच्या चढावर दर दगड म्हणजे अपघात, कार्ड संध्याकाळपर्यंत तुंबतं. कमीत कमीवर ठेवला, आणि कच्च्या रस्त्याला लागताना बंद करा म्हणून सांगितलं.

बिल थारवाल्यांनी दिलं. हेडलाईटचं काय ठरलं, ते त्यांचं त्यांना माहीत. गुरखावाल्याने जाताना स्वतःच्या गाडीलाही असाच कॅमेरा सांगून ठेवला. मी म्हटलं, हेडलाईट आला की आण, पुढचं ग्रिल खोलायचंच आहे, वायरिंग त्याच वेळी बघून घेऊ. तर म्हणाला, ‘आगे वाला बड़ा लगाना भिया, इनके दोनों हाथ दिखने चाहिए।’