तू कुठं उभा होतास?

रविवार, दुपार

आतेभावाचं म्हणणं, गाणाऱ्या पोराचा आवाजच निघत नव्हता, वर बेसूर. मैत्रिणीचं म्हणणं, शब्दन्‌शब्द कळला, आणि पुरावा म्हणून तिनं दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "गाणारा कोण होता? मी बघितलोच नाही." चौघांनी एकाच कार्यक्रमाची, एकाच दराची तिकिटं काढली, एकाच खोलीत गेलो, आणि येताना खंबाटकी घाटापासून कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपर्यंत असे भांडत आलो की पुढच्या सीटवरचे काका मागं वळून म्हणाले, "अहो, झोपू द्या की जरा."

खोली पुण्यातली. शे-सव्वाशे माणसं आत गेली की हात वर करायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. काल तीन बँड होते. पहिला इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय आपलं आपण वाजवणारा, म्हणावा असा. संथ गिटार, संथ गाणं, पायाकडं बघून वाजवणारी पोरं. दुसरा पंक, म्हणजे छोटी, वेगवान, कर्कश गाणी. तिसरा मला आठवत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, साडेनऊ वाजले होते आणि माझं निम्मं लक्ष परतीच्या बसकडं होतं.

भांडण दुसऱ्या बँडवरून. दादा, म्हणजे आतेभाऊ, साउंड भाड्यानं देतो. उद्यमनगरात त्याचं गोदाम आहे आणि गणपतीत त्याला जेवायला फुरसत नसते. त्यामुळं आवाजावर बोलायचा हक्क आपलाच, असं तो धरून चालतो. पण काल तो स्टेजला चिकटून, डाव्या गिटारच्या अँपसमोर, म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या खोक्यासमोर, उभा होता. मैत्रीण मागं, मिक्सरवाल्याच्या, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या पोराच्या, खांद्यापाशी. भाची मधल्या ढकलाढकलीत. आणि मी? माझी उंची पाच फूट. मी जागा शोधत फिरत होते.

ह्या फिरण्यामुळंच मला काल एक बँड तीनदा ऐकायला मिळाला. आधी मागच्या भिंतीला, बाथरूमच्या दारापाशी. तिथं बेस एवढा की ड्रमची लाथ बरगडीत बसत होती आणि गिटार कुठंतरी पलीकडच्या गल्लीत वाजतंय असं वाटत होतं. मग पुढं सरकले, दादाच्या मागं. तिथं गिटारनं कान कापले. गाणारा तोंड उघडत होता, मिटत होता, मानेच्या शिरा ताणत होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मग मिक्सरपाशी गेले तर तिथं अचानक गाणं सुरू! शब्द, चाल, मधली ती ड्रमची घसरण, सगळं जागच्या जागी. बँड तोच, पोरं तीच, गाणीही एकमेकांसारखीच. फरक पंधरा पावलांचा.

बसमध्ये दादाला हे सांगितलं तर तो आधी चिडला, मग त्याच्यातला साउंडवाला जागा झाला. म्हणाला, "बघ, छोट्या खोलीत ड्रमला माइकची गरज नसती. गिटारचा अँप स्टेजवरच कोकलत असतोय. स्पीकरमधनं खरं म्हणजे फक्त गळाच येतोय. आणि स्पीकर दोन्ही कडंला, तोंड मागच्या पब्लिककडं. मधोमध पुढं उभारलेल्याच्या डोक्यावरनं आवाज मागं जातोय. मॉनिटर, म्हणजे बँडला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर, त्यांची तोंडं बँडकडं. मग मला ऐकू येणार काय? वाजवणाऱ्यांच्या घरात बसून बाहेरचं ऐकल्यागत."

"मग तू बेसूर कशावरनं म्हणालास?"

"अंदाजानं," म्हणाला.

माइकच्या शिट्टीवर मात्र त्याचं नि माझं एकमत. पंक गाणाऱ्यांना माइकची जाळी मुठीत आवळून धरायची हौस असते, दिसायला भारी दिसतं. पण तो माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकावं म्हणून बनवलेला असतो. त्यासाठी जाळीच्या मागं फटी ठेवलेल्या असतात. मुठीनं त्या बुजवल्या की तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो, समोरच्या मॉनिटरचंसुद्धा. तोच आवाज फिरून फिरून वाढतो, मग शिट्टी. शिव्या मात्र मिक्सरवाल्या पोराला.

सोमवार

ऑफिसात दिवसभर कानात बारीक सूं. दादाला फोन केला तर म्हणतो, माझ्या कानात सतरा वर्षं तेच आहे, तू एका दिवसात काय रडायलीस. गंमत म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेनं सुचवलेली मर्यादा अशी : ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. परवाच्या खोलीत १०० सहज असणार आणि आम्ही तीन तास होतो. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, वडापावापेक्षा फार महाग नाहीत. ते घातले की उंच आवाज जरा जास्त मरतात, गाणं गोधडीतनं आल्यासारखं येतं, हे खरं. तरी पुढच्या वेळी घालणार. भाचीला सांगितलं तर "मावशी, पंकला कानात बोळे?" म्हणून हसली. हसू दे.

बुधवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून जुनं ऐकत बसले आणि पुन्हा त्याच विषयावर आले.

४ जून १९७६ला इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजला. कार्यक्रम भरवला दोन पोरांनी, ज्यांचा पुढं बझकॉक्स बँड झाला. ऐकायला चाळीसेक माणसं. त्यांत पीटर हुक आणि बर्नार्ड सम्नर होते आणि त्यातनं पुढं जॉय डिव्हिजन बँड उभा राहिला. नंतर मात्र मीही तिथं होतो म्हणणारे इतके निघाले की तो हॉल कितीतरी वेळा भरला असता. आपल्याकडं जुन्या कुस्त्यांचं असंच असतं. गाजलेली प्रत्येक कुस्ती प्रत्येकाच्या आजोबांनी आखाड्याला टेकून बघितलेली. माझ्या आजोबांनीही.

मला त्या चाळिसांतल्या दोघांना एकच विचारायचं आहे : तुम्ही कुठं उभे होता? कारण जे नंतर बँड काढतात ते बहुधा गाणं नीट ऐकून काढत नाहीत. समोरचा आपल्यासारखाच आहे, त्याला फारसं येत नाही आणि तरी तो वर उभा आहे, हे जवळनं दिसतं, म्हणून काढतात. मिक्सरपाशी उभं राहून हे दिसत नाही. तिथं फक्त चांगलं ऐकू येतं. मैत्रिणीला हे लिहून पाठवलं. तिचं उत्तर : "मला बँड काढायचा नाही, मला गाणं ऐकायचंय." बरोबर आहे तिचं.

रेकॉर्डिंगचंही तेच. वॉशिंग्टनच्या फुगाझीनं आपल्या शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं लोकांसाठी खुली केली आहेत. हा बँड मला आवडतो तो गाण्यांइतकाच नियमांसाठी. तिकीट पाच डॉलरच्या आसपास, कुठल्याही वयाच्या माणसाला आत प्रवेश, आणि पुढं कुणी दांडगाई करायला लागला की गाणं थांबवून त्याला समजवायचे, तरी ऐकेना तर पैसे परत देऊन बाहेर. छोट्या खोलीत थेट मिक्सरवरनं घेतलेलं कुठल्याही बँडचं रेकॉर्डिंग ऐकलं की हटकून वाटतं, गिटार एवढी मेलेली कशी? मेलेली नसते. खोलीत अँपचाच आवाज पुरेसा असतो म्हणून मिक्सरवाला ती वाढवत नाही, आणि तारेतनं जे जातं त्यात गळा मोठा, गिटार बारीक. म्हणजे त्या रात्री असं कुणालाच ऐकू आलेलं नसतं. तरी आपण ते ऐकून मत देतो की हा बँड लाइव्हला पडतो.

मोठ्या मैदानावर तर वेगळीच तऱ्हा. पुण्यात २०१० साली वीकेंडर हा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून आमच्यातलं कुणी ना कुणी मैदानावरचे मोठे कार्यक्रम ऐकून येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटर मागं उभारलं की पाव सेकंदापेक्षा जास्त उशीर. ड्रमरची काठी खाली आलेली दिसते आणि ठोका मागनं येतो. एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसेना होतं. पंक असल्या ठिकाणी ऐकूच नये, असं माझं ठाम मत. रामोन्स ह्या पंक बँडच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आणि वेळ २९ मिनिटं. असलं गाणं शंभर मीटर चालत यायच्या आत संपायला पाहिजे. तसंच ते 'वन्स मोअर'चं नाटक. आत जायचं, दिवे घालवायचे, लोकांनी ओरडायचं, मग ठरलेलीच दोन गाणी घेऊन बाहेर यायचं. कशाला? वाजवा की सलग आणि घरी जावा.

शुक्रवार

भाचीचं मत लिहायचं राहिलंच. आज ऑफिस सुटल्यावर रंकाळ्यावर भेटली. भेळ खाता खाता सांगत होती की मधल्या ढकलाढकलीत तिला बूट निघायची भीती होती, पडायची नव्हती. एक पोरगं पडलं तर चौघांनी दोन सेकंदांत उचललं, चष्मा सापडेपर्यंत गोल करून थांबले. "महाद्वार रोडला दिवाळीच्या गर्दीत माझा जास्त जीव जातोय," म्हणाली. "पण मावशी, आम्ही सगळ्या मिळून तिघीच होतो त्या गोलात."

हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मी गोलाकडं बघायचं सोडून भिंत धरून होते. नव्वदीच्या सुरुवातीला बिकिनी किल ह्या पंक बँडची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरनं सांगायची, मुलींनो पुढं या, पोरांनो मागं सरा. तेव्हा लोकांना तो आगाऊपणा वाटला असेल. पाच फुटी बाईला विचारा. समोर सहा फुटी पोरगा, त्याच्या हातात फोन, आणि फोनच्या पडद्यावर इवलासा बँड. अर्धा कार्यक्रम मी दुसऱ्याच्या फोनमध्ये बघितला. तिकीट पूर्ण.

बोलता बोलता दोघी खासबागेपर्यंत चालत आलो. शाहू महाराजांनी हे मैदान बांधून घेतलं ते १९१२ साली. मधे खोल आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, मधे खांब नाही. कुठंही बसा, कुस्ती दिसते. हलगी कडाडली की शेवटच्या पायरीवरही पाय हलतो. शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५चं. तेव्हा कुठला माइक नि कुठला मिक्सर, मागच्या माणसापर्यंत गळा पोचवायचं काम इमारतीचंच. ऑगस्ट २०२४मध्ये ते जळालं तेव्हा दादा रात्रभर तिथं उभा होता आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलला नाही. ह्या गावाला आवाज नवा नाही. बेंजो आहे, ढोल आहे, डॉल्बी आहे. नाहीये ती शंभर माणसांची खोली, जिथं चार पोरं स्वतःची तीन गाणी घेऊन उभी राहतील आणि त्यांना कुणी लग्नाची फर्माईश करणार नाही.

भाची म्हणाली, "मामांचं गोदाम मोकळंच असतंय की जूनपर्यंत."

रविवार

अमेरिकेतल्या बर्कलीतलं ९२४ गिलमन हे पंक कार्यक्रमांचं ठिकाण १९८६च्या अखेरीला असंच एका गोदामात सुरू झालं. कामाला स्वयंसेवक, दारू नाही, मारामारी नाही. हे मी दादाला सांगितलं. त्याला बर्कलीशी देणंघेणं नव्हतं. त्यानं फक्त विचारलं, "खुर्च्या लागणार?" नाही म्हटल्यावर तयार झाला.

आज भाचीच्या कॉलेजातली चार पोरं सामान घेऊन आली. कार्यक्रम नव्हे, नुसती चाचणी. दादानं सगळ्यात आधी ड्रमच्या मागच्या पत्र्यावर मंडपाच्या गाद्या लटकवल्या, कारण पत्रा झांजेचा आवाज उलटा फेकतो आणि तो गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. गाद्यांवर अजून कुणाच्या तरी लग्नाची हळद होती. मग मला, मैत्रिणीला आणि भाचीला तीन कोपऱ्यांत उभं केलं आणि वाजवा म्हणाला. मी शटरपाशी. तिथं बेस घोंघावत होता. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, ती असल्या भिंतींपाशी साचते, असं सांगून त्यानं मिक्सरवर काहीतरी फिरवलं. जरा बरं झालं. मग म्हणाला, माणसं आली की बदलणार हे सगळं. माणसांची अंगं वरचे आवाज खातात, बेस तसाच राहतो, रिकाम्या गोदामातल्या हिशेबावर जाऊ नका.

शेवटी तो गिटारवाल्याकडं वळला. अँप जमिनीवर होता, आवाज पोराच्या पोटऱ्यांना आणि पहिल्या रांगेला. दादानं अँप तिरका करून त्याच्या कानाकडं वळवला आणि आवाज निम्म्यावर आणला. तेवढ्यानं तिन्ही कोपऱ्यांत गळा ऐकू यायला लागला. आम्ही तिघींनी एकदम हात वर केले.

गिटारवाल्याचं तोंड उतरलं. "काका, असं केल्यावर मला मजाच येत नाही."

"तू तिकीट काढून आलायस का?" दादा म्हणाला. "मग वाजव गप."