दफ्तर कोणाच्या हाती आहे?

'डिस्कोर्स'साठी मराठीत 'चर्चाविश्व' हा शब्द रुळला आहे खरा, पण त्यातल्या 'चर्चे'मुळे सारा मामला बोलण्यापुरताच आहे असा समज होतो. 'डिस्कोर्स'विषयी फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोचा प्रश्न अधिक खोल होता. एखाद्या काळात कोणती विधाने करता येतात, कोणाला करता येतात आणि कोणती उमटूच शकत नाहीत? २ डिसेंबर १९७० रोजी पॅरिसच्या 'कोलेज द फ्रान्स'मधील आपल्या पहिल्या व्याख्यानात त्यांनी हेच नियंत्रण उलगडून दाखवले.

यावर जर्मन माध्यम-अभ्यासक फ्रीड्रिख किटलर यांनी १९८० च्या दशकात घेतलेला आक्षेप मला अजूनही कळीचा वाटतो. फुको ग्रंथालयात बसून वाचत होते, म्हणजे लिहून उरले तेवढेच त्यांच्या हाती येत होते. ग्रामोफोन आणि चित्रपट यांनी लेखनाची साठवणुकीवरील मक्तेदारी मोडल्यानंतरच्या काळाला ही पद्धत पुरत नाही. काय साठवले जाईल हे यंत्राची रचना ठरवत असेल, तर त्या रचनेचेही वाचन व्हायला हवे.

आज हा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे, कारण दफ्तर, म्हणजे बोलल्या-लिहिलेल्याची सारी साठवण, आता खाजगी कंपन्यांच्या ताब्यात आहे. ट्विटरने तिथला मजकूर मिळवण्यासाठी २०२१ मध्ये संशोधकांना खुली केलेली मोफत वाट २०२३ मध्ये बंद झाली. फेसबुकवरील मजकुराचा प्रसार तपासण्यासाठी अनेक अभ्यासक वापरत असलेले 'क्राउडटँगल' हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद करण्यात आले. हाती आलेल्या विदेतही (डेटामध्येही) मजकूर असतो, परंतु तो कोणाला, कोणत्या क्रमाने आणि का दाखवला गेला हे बहुधा नसते, आणि सत्तेचा माग काढायचा तर नेमके तेच हवे असते.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याचे ४० वे कलम पात्र संशोधकांना मोठ्या ऑनलाइन मंचांकडून विदा मागण्याचा अधिकार देते. मी या तरतुदीचे मनापासून स्वागत करतो. मात्र ही मागणी 'व्यवस्थात्मक जोखमी'च्या, म्हणजे मंचामुळे समाजाला संभवणाऱ्या व्यापक धोक्यांच्या, अभ्यासासाठीच करता येते, आणि व्यावसायिक गुपिताचे कारण देऊन मंच तिच्यात बदल सुचवू शकतो. म्हणजे ज्याला 'जोखीम' म्हणता येत नाही, तो प्रश्न अर्जाच्या दारातच अडतो. कोणते विधान उमटू शकते हा फुको यांचा प्रश्न अशा रीतीने स्वतः संशोधकालाच लागू होतो.